वृषशृंग पर्वताचे आतिथ्यव्रत

कृतयुगाचे पहिले सहस्रक नुकतेच सरले होते. पृथ्वी अजून ओलसर होती, पर्वतांना पंख होते, आणि ऋषिमुनींच्या जिभेवर वरदान आणि शाप अगदी शेजारी शेजारी नांदत होते. यांतील पंखांचा बंदोबस्त पुढे देवांनी केला. जिभांचा मात्र कोणी केला नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. लोक मला विचारतात, "शास्त्रीबुवा, बेट एकच, मग त्याच्या एका अंगाला आभाळ फाटल्यासारखा पाऊस आणि दुसऱ्या अंगाला थेंब नाही, हा कुठला न्याय?" अहो, न्यायाचा इथे संबंधच काय? संबंध आहे तो एका परमविद्वान माणसाच्या उतावळेपणाचा. सांगतो, ऐका, पण मध्ये मध्ये बोलू नका.

पश्चिमसमुद्राच्या नीलवर्ण जलराशीत पर्णद्वीप नावाचे बेट होते. नारिकेल, पुन्नाग आणि केतकी यांच्या वनांनी वेढलेले, शंखशुक्तींनी शुभ्र झालेल्या पुळणींचे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाटासारखे सपाट. त्याच्या पूर्वतीरावर महर्षी दार्भायणांचा आश्रम होता आणि आश्रमाजवळ सोमकुंड होते. साऱ्या पूर्वतीराला गोड्या पाण्याचा तेवढाच एक आधार. आश्रमासकट तीन पाडे त्याच कुंडावर जगत होते. कुंडाला अठरा पायऱ्या होत्या. कथा सुरू होते तेव्हा त्यांतल्या अकरा उघड्या पडलेल्या होत्या.

याचे कारण असे की, वर्षाकाळी वायुदेव समुद्राचे पाणी पाठीवर लादून पश्चिमेकडून येई खरा. परंतु त्या सपाट बेटावर त्याला ना चढ, ना अडथळा. तो वरच्या वर निघून जाई, आणि जाता जाता चार शिंतोडे उडवी. दरवर्षी एखादी पायरी उघडी पडे. बरे, आश्रम उचलून दुसरीकडे न्यावा, तर दार्भायणांनी द्वादशवार्षिक सत्र आरंभिले होते, त्याची तीनच वर्षे झाली होती, आणि सत्राचा अग्नी एकदा प्रज्वलित केला की जागेवरून हलवता येत नाही. चारी वेद मुखोद्गत, षडंगे करतलावरच्या आवळ्याप्रमाणे स्पष्ट, असा हा ऋषी; परंतु पाण्याशेजारी अग्नी पेटवण्याआधी पाणी किती वर्षे पुरेल, हे त्याने मोजले नव्हते. मोजले होते ते त्याच्या पत्नीने, पौष्णीने. ती रोज पहाटे पायऱ्या उतरे आणि रोज काही न बोलता घडा भरून वर येई.

अशातच ज्येष्ठ मासातल्या एका सकाळी अकस्मात अंधारून आले. दोन योजने पसरलेले पंख, तीन शिखरे, अंगाखांद्यावर उपटलेल्या वृक्षांची जाळी, असा वृषशृंग नावाचा पर्वत आकाशातून घिरट्या घालीत खाली आला आणि थकलेल्या स्वराने म्हणाला, "हे मुनिश्रेष्ठा, कित्येक शतके मी उडतो आहे. जिथे बसलो तिथल्यांना चिरडले, आणि जिथून उठलो तिथल्यांच्या शिव्या खाल्ल्या. मला आता घर हवे. या द्वीपावर मला ठाव मिळेल काय?"

दार्भायणांचे नेत्र आनंदाने विस्फारले. पर्वत मेघांना अडवितो, हे त्यांना शास्त्राने ठाऊक होते. ते गर्जले, "हे शैलराज, तुझे स्वागत असो! या द्वीपाच्या मध्यभागी निर्मनुष्य रान आहे, तिथे उत्तर-दक्षिण असा पसरून सुखाने राहा. आजपासून तू गृहस्थ झालास."

"गृहस्थाने करायचे तरी काय?" पर्वताने विचारले. बिचाऱ्याला घरच नव्हते कधी, त्याला काय ठाऊक?

"गृहस्थाचा धर्म आतिथ्य! पाहुणा दारी आला की सर्वप्रथम त्याचे ओझे उतरवून घ्यावे. मग पाणी, मग आसन, मग क्षेमकुशल. ओझ्यासह पाहुण्याला उंबरठा ओलांडू देणारा यजमान नरकाला जातो."

पौष्णी हातातला घडा खाली ठेवून पुढे आली. "अहो, तो पर्वत आहे. त्याला एकदा सांगितलेले पुसता येत नाही. आणि त्याचे दार कुठल्या दिशेला असणार, ते तरी आधी विचारा!"

"स्त्रिये, धर्मोपदेशात विघ्न आणू नकोस," महर्षी म्हणाले. पर्वत विनयाने तीनही शिखरे लववून उभा होता. अशी नम्रता त्यांच्या शिष्यांत त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि तिथेच त्यांचे भान सुटले. हातात उदक घेऊन त्यांनी वर देऊन टाकला: "हे वृषशृंगा, तुझे हे आतिथ्यव्रत त्रैलोक्यात कोणीही, अगदी मी स्वतःदेखील, कधीही भंग करू शकणार नाही!"

तुम्हीच सांगा, कोणी मागितला होता हा वर? पर्वताने मागितली होती बसायला जागा!

आणि वृषशृंग बसला. पाहुणा येतो तिकडे तोंड करून बसावे, हे त्यालाही कळत होते; म्हणून तो पश्चिमेला तोंड करून बसला. आश्रम, सोमकुंड आणि तिन्ही पाडे त्याच्या परसदारी राहिले.

आषाढ लागला. पाठीवर समुद्राचा भार, जटांमध्ये विजा, मुखात मेघगर्जना, अशा थाटात वायुदेव आला, तो समोर पर्वत! "या देवा, या," वृषशृंग म्हणाला, "ओझे उतरवा."

"अरे बाबा, माझे ओझे माझ्याजवळच राहू दे," वायू म्हणाला. "पलीकडे भूमी तहानलेली आहे, मला पुढे जायचे आहे."

"ते कसे होईल? आधी ओझे, मग पाणी, मग आसन."

वायूने डावीकडून जाऊन पाहिले, उजवीकडून जाऊन पाहिले. पर्वत बेटभर पसरलेला. शेवटी चिडून तो ओझ्यासकट उतार चढू लागला. जसजसा वर जाई तसतशी थंडी वाढे. अर्ध्या चढावर त्याची बोटे बधिर झाली, मुठी सैल पडल्या, आणि वृषशृंगाने अदबीने ते ओझे त्याच्या पाठीवरून उतरवून घेतले, एका थेंबाचीही कसर न ठेवता. मग शिखरावर बसवून त्याची विचारपूस केली. इतका सारा पाहुणचार झाल्यावर वायुदेव पूर्वेच्या उतारावरून रिकामा, हलका, धावत सुटला. धावता धावता तापला. आश्रमात पोहोचेपर्यंत तो इतका उष्ण आणि कोरडा झालेला होता की पौष्णीने वाळत घातलेली वल्कले करकरू लागली.

पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सारा आषाढ, सारा श्रावण. पश्चिमतीरी चाळीस दिवस सूर्य दिसला नाही. पूर्वतीरी लोक शिखरावरचे काळे ढग बघत बसत, आणि ते ढग तिथेच विरून जात. सोमकुंडाची बारावी पायरी उघडी पडली, मग तेरावी, मग भर पावसाळ्यात पंधरावी. खाली राहिल्या तीन. पौष्णी एकदाच बोलली: "हे पाणी पौषापर्यंत. पुढे माणसे बेट सोडतील, आणि ज्यांना चालवत नाही ती इथेच मरतील."

भाद्रपदात पश्चिमतीराचा निषादप्रमुख शैवल खिंडीतून चढून आला. त्याच्या दाढीत शेवाळ उगवले होते. आश्रमाच्या अंगणात उभा राहून तो म्हणाला, "मुनिवर्य, तुम्ही बोलावलेल्या त्या पर्वताचे काय ते बघा. आमचे मीठ विरघळले, जाळी कुजली, डोंगराची माती दोन घरांवर आली, चुलीत बेडूक राहायला आलेत. भीक नको पण कुत्रा आवरा! तुमचा पाऊस परत घ्या."

पाड्यांतली माणसे तिथेच बसली होती. ती उसळली. "घ्या म्हणे! इथे आम्ही लेकरांना ओंजळ मोजून पाणी पाजतो, आणि याला पाऊस नकोय!"

"मग येऊन राहा की आमच्याकडे! चार दिवसांत अंगाला बुरशी येईल!"

प्रकरण हातघाईवर आले. दार्भायण डोळे मिटून शांतिपाठ म्हणू लागले, जणू त्या सगळ्याशी त्यांचा संबंधच नव्हता. शेवटी पौष्णीने काठी आपटली. "पुरे! हा पाण्यात मरतोय, तुम्ही पाण्यावाचून मरताय, आणि दुखणे दोघांचे एकच आहे. ते तिथे वर बसले आहे. चला, उठा हो तुम्हीदेखील. शांतिपाठ नंतर म्हणा."

मग महर्षी आणि पौष्णी पर्वताच्या खिंडीपर्यंत चढून गेले. वृषशृंगाने नियमाप्रमाणे आधी दार्भायणांचा कमंडलू आणि काठी उतरवून घेतली. महर्षी म्हणाले, "हे गिरिवर, तुझे आतिथ्य स्तुत्य आहे, तथापि अतिरेक सर्वत्र वर्ज्य होय. इतःपर तू पाहुण्याचे अर्धेच ओझे उतरवून घ्यावेस."

"अर्धे?" वृषशृंग चकित झाला. "गुरुदेव, पाहुण्याला अर्धे ओझे डोक्यावर ठेवूनच बसा म्हणणारा यजमान आपण कुठे पाहिला आहे?"

"एक दिवसाआड उतरवून घे."

"म्हणजे एक दिवसाआड नरकात जाऊ?"

"मी तुझा गुरू, मीच तुला आज्ञा करतो, व्रत सोड!"

"'मी स्वतःदेखील' असे आपणच म्हणाला होता, गुरुदेव. मी शब्द न् शब्द लक्षात ठेवला आहे."

दोन प्रहर हे चालले. धर्मसूत्रांतली वचने झाली, दृष्टान्त झाले, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष झाले. सगळे पालथ्या घड्यावर पाणी! आपलेच दात आणि आपलेच ओठ, महर्षी सांगणार कोणाला? संध्याकाळच्या होमाची वेळ झाली तसे ते तणतणत उतरून गेले. पौष्णी मागे थांबली.

ती खिंडीतल्या एका खडकावर बसली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "वृषशृंगा, तू चुकला नाहीस. तुला जेवढे शिकवले तेवढे तू केलेस. पण तुझ्या परसात माणसे तहानेने मरायला टेकली आहेत, हे तुला कोणी सांगितले का?"

वृषशृंगाने मान वळवायचा प्रयत्न केला, पण ती वळेना. मग म्हणाला, "माते, मला मागे वळून पाहता येत नाही. परसात कोणी आहे हेच मला ठाऊक नव्हते. गुरुदेव दोन प्रहर बोलले, पण हे नाही बोलले."

पौष्णीने कपाळावर हात मारला. "नाहीच बोलायचे ते!"

"मग असे करूया," वृषशृंग म्हणाला. "व्रत मोडता येत नाही, पण घर तर बदलता येते. मी उठतो आणि आश्रमाच्या पूर्वेला, पलीकडे समुद्रात जाऊन बसतो. मग आश्रम आणि पाडे माझ्या पुढल्या दारी येतील. पाहुण्याचे ओझे तुमच्या अंगणात उतरेल. पश्चिमतीराच्या माणसांनाही जरा ऊन दिसेल."

किती साधी गोष्ट! पौष्णीच्या डोळ्यांना धारा लागल्या. "जा रे बाबा, जा. पण जरा लांब बस हो, आम्हाला बुडवू नकोस. मी आहे त्या खडकावरच थांबते. हा खडक काही तुझ्यासोबत उडत नाही ना?"

"तो मी येण्याआधीपासूनचा आहे. तिथेच थांब."

वृषशृंगाने श्वास घेतला आणि पंख पसरले. भूमी थरारली, वृक्ष मुळांसकट हलले, शिखरांवरून शिळा गडगडत सुटल्या. खाली आश्रमात दार्भायण अग्नीत समिधा घालीत होते. वेदी डळमळली. त्यांनी मान वर करून पाहिले, तर तीन शिखरांचा तो अजस्र पर्वत पंख उभारून थेट आश्रमाच्या दिशेने झुकलेला! क्षणभर थांबावे, पत्नी वर आहे, तिला साद घालून विचारावे, एवढे सुचले असते तर ते ऋषी कसले? 'मी याला तर्कात हरवले म्हणून हा माझा अग्नी चिरडायला येतो आहे,' एवढेच त्यांच्या डोक्यात आले. हात पात्राकडे गेला, ओंजळीत उदक आले, आणि शाप सुटला:

"अरे कृतघ्ना! गुरूच्या अग्नीवर झेप घेतोस? तुझे पंख या क्षणी गळून पडोत! जिथे आहेस तिथून कल्पान्तापर्यंत तू तिळभरही हलणार नाहीस!"

दोन्ही पंख मुळापासून तुटले. एक उत्तरेला पडला, एक दक्षिणेला. वृषशृंग होता तिथे पुन्हा कोसळला आणि त्याने जो आक्रोश केला तो ऐकून समुद्र मागे सरला, असे म्हणतात.

दार्भायण धापा टाकीत खिंडीत आले. "पौष्णी! जिवंत आहेस! भिऊ नकोस, मी त्याला खिळवून टाकला!"

पौष्णी उभी राहिली. ती बोलायला लागली ती थांबली नाही. "खिळवलात? अहो, तो आपल्यासाठीच उठला होता! समुद्रात जाऊन बसणार होता, पाऊस तुमच्या अंगणात पाडणार होता! आधी वर दिलात, म्हणून त्याला व्रत मोडता येईना. आता शाप दिलात, म्हणून त्याला जागा सोडता येईना. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले! साठ वर्षे तप केलेत, त्यात एकदा, एकदा तरी, बोलण्याआधी कोणाला विचारायचे शिकला असतात! मी तिथेच होते ना हो? या खडकावर? एक हाक मारायची होती!"

महर्षींच्या हातातले पात्र गळून पडले. पंखांची दोन्ही मुळे त्यांनी पाहिली. "मी… मी याला दुसरा वर देतो. आत्ताच—"

"खबरदार!" पौष्णी अशी ओरडली की शिखरावर बसलेला वायुदेवही दचकला. "तोंड उघडाल तर याद राखा. सत्र संपेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाही."

दार्भायणांनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी मान हलवली. उरलेली नऊ वर्षे ते अग्नीसमोर मंत्र मनातल्या मनात म्हणत राहिले, आणि त्या नऊ वर्षांत पर्णद्वीपावर एकही नवी आपत्ती आली नाही.

पौष्णी पर्वताच्या पूर्वेच्या अंगाला उतरली. तिथे, पाठीवर, पंख तुटले होते त्या जागी दोन खोल जखमा झाल्या होत्या. तिने उत्तरीय फाडले. पर्वताच्या जखमेला ती चिंधी काय पुरणार! पण तिने ती दगडावर दाबून धरली आणि तशीच रडत बसली. "माझे ऐकून उठलास रे, म्हणून हे झाले. मला पाठचा भाऊ नाही. असता तरी त्याने माझ्यासाठी याहून काय जास्त सोसले असते?"

"भाऊ म्हणालीस?" वृषशृंगाने हळूच विचारले. वेदनेने त्याचा आवाज फाटला होता. "भावाने काय करायचे असते? गुरुदेवांनी ते नाही शिकवले."

पौष्णीला रडता रडता हसू आले. "काही नाही रे. एवढेच, की बहीण घरून निघाली तर तिला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचे नाही."

पर्वत विचारात पडला. पर्वतांना विचार करायला वेळ लागतो. पूर्वेला तांबडे फुटेपर्यंत ती तिथेच बसून होती. मग तो म्हणाला, "पाहुण्याचे ओझे मी दोन महिने उतरवून घेतले. पुष्कळसे उतारावरून वाहून गेले, पण पुष्कळसे माझ्या पोटात मुरले आहे. पाहुणा ते परत न्यायला कधी थांबलाच नाही. ते आता माझ्या घरचे झाले. पाहुण्याला द्यायचे ते पुढल्या दारी. बहिणीला मागल्या दाराने दिले, तर व्रत मोडत नाही ना?"

"नाही रे," पौष्णी म्हणाली, "मुळीच नाही मोडत."

तिने दाबून धरलेली चिंधी ओली झाली. मग तिची बोटे ओली झाली. जखमेतून पाणी आले, बोटाएवढी धार, मग मनगटाएवढी. दुसऱ्या जखमेतूनही आले. दोन्ही धारा खाली उतरत एक झाल्या, वाळल्या गवतातून वाट काढीत पाड्यांजवळून गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सोमकुंडात पोहोचल्या. कुंड काही तुडुंब भरले नाही. पंधरावी पायरी बुडाली, चौदावी बुडाली, आणि पाणी अकराव्या पायरीशी येऊन थांबले. तिथून ते पुन्हा कधी खाली गेले नाही. पौषातही नाही, वैशाखातही नाही. त्या वर्षी कोणीही बेट सोडले नाही.

पर्णद्वीपाची रीत तेव्हापासून ठरली ती ठरली. वायुदेव दरवर्षी कुरकुरत येतो, अर्ध्या चढावर त्याचे ओझे उतरते, आणि पश्चिमतीराचे लोक चार महिने घराबाहेर पडू शकत नाहीत. पूर्वतीरावरून ढग नुसते दिसतात. तुटलेले पंख पडले तिथे, उत्तरेला आणि दक्षिणेला, दोन उघड्या टेकड्या झाल्या आहेत, त्यांवर गवतही नीट उगवत नाही. पावसाळा सरला, कार्तिकातली द्वितीया आली, की सर्वत्र भाऊ बहिणीच्या घरी ओवाळून घ्यायला जातात. पर्णद्वीपाच्या पूर्वतीरावरच्या बायका मात्र त्या दिवशी निरांजनाचे ताट घेऊन, म्हाताऱ्या असोत की पोटुश्या असोत, धापा टाकीत त्या दोन झऱ्यांपर्यंत चढून जातात. कारण त्यांच्या भावाला उठून येण्याजोगे कोणी ठेवलेच नाही.